दुसरा गुडघा आणि पन्नासची लेन्स

भिंगरावांनी फोनवर, बायकोच्या देखत सांगून टाकलं होतं, "खुशाल जाऊ दे तिला. सहा आठवडेच काय, सहा महिने राहिली तरी माझं काही अडत नाही."

आता हे वाक्य बोलायची तशी काही गरज नव्हती. नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण फोनच्या त्या टोकाला अक्का होत्या, आणि अक्कांशी बोलताना भिंगरावांची मान आपोआप ताठ व्हायची. अक्का म्हणजे वहिनींची, म्हणजे भिंगरावांच्या बायकोची, थोरली बहीण. तीस वर्षं मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, आता निवृत्त होऊन बसने नऊ तासांवरच्या गावी एकट्या राहायच्या. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि हाताशी धाकटी बहीण हवी होती. आता मागायची तर सरळ मागावी. पण अक्का म्हणाल्या, "भाऊजी राहतील ना एकटे? अंडं उकडता येतं का त्यांना, की त्यालाही फोकस लागतो?"

झालं. भिंगरावांचं ते सहा महिन्यांचं वाक्य इथेच बाहेर पडलं.

वहिनी तेव्हा बॅग भरत होत्या. त्यांनी हातातली घडी तशीच ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच काही अडणार नाही तुमचं?"

"कशाला अडेल? लहान आहे का मी?"

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि बॅगेची चेन ओढली. चेन जरा जोरातच ओढली गेली. पण भिंगरावांच्या ते काही लक्षात आलं नाही, कारण ते स्वतःच्या वाक्यावर खूश होते.

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या दुकानात ते सव्वीस वर्षं परीक्षक होते. बाजारात नवी लेन्स आली की मालक आधी एक नग मागवायचे आणि भिंगरावांच्या हवाली करायचे. भिंगराव ती दहा दिवस घरी न्यायचे, फोटो काढायचे, व्हिडिओ करायचे, नाकं मुरडायचे आणि चार पानी अहवाल लिहायचे. त्या अहवालावर दुकानाने ती लेन्स घ्यायची की नाही ते ठरायचं. मोठमोठ्या जाहिराती करणारे लोक त्यांच्या अहवालाला वचकून असायचे. घरी अर्थात त्याचं कुणाला काही नव्हतं.

घरी चाचणी घ्यायचं कारण म्हणजे वहिनी. खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची होती. सव्वीस वर्षांत आलेल्या प्रत्येक लेन्सने पहिला फोटो त्या खुर्चीत बसलेल्या वहिनींचा काढलेला होता. तोच चेहरा, तोच उजेड, म्हणजे लेन्सचा गुण नेमका कळतो, असं भिंगरावांचं शास्त्र. वहिनी खुर्चीत बसायच्या, मोजायच्या टेपचं टोक स्वतःच्या डोळ्याशी धरायच्या आणि भिंगराव टेपचं दुसरं टोक कॅमेऱ्याला लावून अंतर मोजायचे. "हनुवटी हलवू नकोस," असं त्यांनी बजावलेलं असायचं. वहिनी हनुवटी हलवायच्या नाहीत. ती अजिबात न हलवता त्या सबंध गल्लीची बातमीपत्रं वाचून दाखवायच्या. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा सोफा बदलला, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं सासूशी बिनसलं, पोस्टमनच्या मुलीला पहिल्या खेपेला नोकरी लागली. भिंगराव "हं, हं" करत मोजमाप घ्यायचे. आपण ऐकतोय असं त्यांना कधी वाटलंच नाही.

वहिनी गेल्या आणि पंधरा दिवसांनी भिंगरावांच्या ध्यानात आलं, की गल्लीत काय चाललंय याचा आपल्याला पत्ताच नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई रस्त्यात दिसल्या तेव्हा त्यांचं सासूशी जमलं की नाही, हा प्रश्न त्यांना दुकानापर्यंत छळत राहिला. विचारायचं तरी कुणाला? फोनवर वहिनींना विचारावं तर त्या म्हणणार, मला इथे बसून कसं कळेल. शिवाय फोन अक्कांच्या पलंगापाशी असायचा आणि अक्का प्रत्येक वेळी मागून विचारायच्या, "जेवले का म्हणावं?"

"जेवलो," भिंगराव ठणकावून सांगायचे. जेवण म्हणजे पाव आणि दूध. अंडं उकडता येत होतं, पण पातेलं घासायचं कुणी?

पहिला आठवडा घर बरं होतं. दुसऱ्या आठवड्यात ओल्या टॉवेलांनी खुर्च्या व्यापल्या. चौथ्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाचं लाकूड कोणत्या रंगाचं होतं हे आठवावं लागू लागलं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल करायला भिंगराव काही केल्या तयार होईनात. "त्या टिकलीएवढ्या भिंगात माणसाचं नाक बशीएवढं दिसतं. तो काय कॅमेरा आहे?" असं ते म्हणायचे. धंद्याच्या दृष्टीने ते खरंही होतं. पण मोबाइलच्या भिंगात नाकामागचं सगळं घरही लख्ख दिसतं, हे जास्त खरं होतं.

संध्याकाळी घरी आलं की कुलूप काढता काढता ते म्हणायचे, "अगं, ऐकलंस का," आणि मग पुढचं वाक्य तोंडातच राहायचं. त्यांना करमत नव्हतं. इतकं सरळ होतं ते. पण सहा महिने अडत नाही म्हणणाऱ्या माणसाने पाचव्या आठवड्यात करमत नाही म्हणणं म्हणजे अक्कांच्या हातात कोलीत देण्यासारखं होतं. सातव्या आठवड्यात वहिनी येणारच होत्या. भिंगरावांनी कळ काढायचं ठरवलं.

सहावा आठवडा लागला आणि मालकांनी एक डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. पन्नास मिलिमीटरची लेन्स. झूम वगैरे काही नाही. जवळचं हवं तर आपण जवळ जायचं, दूरचं हवं तर मागे सरकायचं.

"फोटो आणि व्हिडिओ, दोन्हीला कशी चालते ते सांगा," मालक म्हणाले. "चेहरे जास्त काढा. बोलता माणूस पाहिजे. लोक हल्ली त्यासाठीच मागतात."

लेन्सच्या पोटात पात्यांचं एक गोल दार असतं. ते सताड उघडलं की समोरचा माणूस तेवढा रेखीव दिसतो आणि त्याच्यामागचं सगळं लोण्यासारखं विरघळून जातं. दार बारीक केलं की पुढचं-मागचं सगळं सारखंच स्पष्ट. या लेन्सचं दार भलतंच मोठं उघडायचं. भिंगरावांनी घरी गेल्या गेल्या कॅमेरा तिवईवर ठेवला, दार सताड उघडलं आणि बोलता माणूस दुसरा कुणी नसल्यामुळे स्वतःच समोर जाऊन बसले.

"चाचणी पहिली," ते म्हणाले. "खिडकीचा उजेड. वेळ साडेपाच. मी मजेत आहे."

मग त्यांनी ते चित्रण पाहिलं आणि थक्कच झाले. पडद्यावर एक भारदस्त गृहस्थ बसला होता. त्याच्या कानशिलावरचा पांढरा केस न् केस मोजून घ्यावा. आणि मागे? मागे ओले टॉवेल नव्हते, टेबलावरच्या ताटल्या नव्हत्या, वर्तमानपत्रांचा ढीग नव्हता. नुसता सोनेरी, मऊ उजेड होता आणि त्यात इथेतिथे रंगांचे छान गोळे. निळा गोळा म्हणजे सहा आठवडे न धुतलेली चादर, हे त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

असा मोका कोण सोडेल? भिंगरावांनी ते चित्रण वहिनींना पाठवून दिलं. खाली लिहिलं, "घर नीट आहे. काळजी नसावी."

दहा मिनिटांत फोन आला. "अहो, किती छान दिसताय," वहिनी म्हणाल्या. "आणि घर किती टापटीप ठेवलंय. मला वाटलं होतं…" त्या थांबल्या. त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मागून अक्का म्हणाल्या, "मानलं हं भाऊजी तुम्हाला."

सव्वीस वर्षांत अक्कांनी त्यांना पहिल्यांदाच मानलं होतं. भिंगरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते अजून चढतच होतं, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मग एक विचारू? डॉक्टर म्हणतायत, डावा गुडघाही आत्ताच करून टाका, लांबवू नका. मी नाहीच म्हणणार होते. म्हटलं, तुमचे हाल होत असतील. पण तुमचं तर सगळं छान चाललंय. तर राहू का? अजून दहा आठवडे?"

भिंगरावांनी खुर्चीकडे पाहिलं.

"राहू का म्हणून काय विचारतेस," ते म्हणाले. आवाज चांगला निघाला. "खुशाल राहा."

"बरं," वहिनी म्हणाल्या. यावेळी चेन नव्हती, पण फोन तसाच जोरात ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी भिंगरावांनी दुकानात एका गिऱ्हाइकाला तिवईऐवजी छत्री दिली. दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस. गुडघा अक्कांचा, दुखणं खरं, त्यात त्या एकट्या. नको म्हणायला तोंडच नव्हतं. पण निदान वहिनींना कळावं तरी, की इथे काही छान चाललेलं नाही. मुद्दाम सांगितलं असं मात्र दिसता कामा नये. ते आपलं आपणच दिसावं. आणि आपलं आपणच दिसण्यासाठी भिंगरावांइतका योग्य माणूस त्या शहरात दुसरा नव्हता. लेन्सचं दार बारीक करायचं, सगळं घर लख्ख दिसेल असं चित्रण करायचं आणि सहज म्हणून पाठवायचं. पुढचं ताटल्या बघून घेतील.

पण त्याआधी दुकानाचं काम होतं. चेहरा पाहिजे होता, खिडकीजवळच्या खुर्चीत. भिंगरावांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग कपडे अडकवायचा उभा स्टँड खुर्चीमागे आणून रोवला, पांढऱ्या उशीच्या अभ्र्यात टॉवेल कोंबून डोकं केलं, आणि कपाटातून वहिनींची पिवळी शाल काढून वरून पांघरली. कॅमेरा हल्ली माणसाचे डोळे आपले आपण शोधतो, म्हणून अभ्र्यावर काळ्या पेनाने दोन डोळे काढले. नाक काढलं ते बिघडलं, पण तोवर उशीर झाला होता.

दार सताड उघडं असताना लेन्स कशी वागते ते आधी बघायचं होतं. चाचणीच्या मध्येच ते दार लहानमोठं करणारी लेन्सवरची कडी फिरू नये म्हणून भिंगरावांनी ती चिकटपट्टीने पक्की केली. ही त्यांची जुनी सवय. मग टेपचं टोक स्टँडला खोचलं, अंतर मोजलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

"जरा डावीकडे," ते म्हणाले. "हां. हनुवटी हलवू नकोस."

हनुवटी हलली नाही. बातम्याही आल्या नाहीत. भिंगराव कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि त्यांना इतकं भरून आलं, की त्यांनी काचेवर धूळ आहे का ते उगाच तीनदा पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचं सासूशी जमलं की नाही गं?" आणि मग आपण कपडे अडकवायच्या स्टँडशी बोलतोय हे ध्यानात येऊन लाजून चहा करायला गेले. चहाला भांडं नव्हतं.

पुढचा दिवस सुट्टीचा. भिंगरावांनी दाढी केली नाही. मुद्दाम चुरगळलेला सदरा घातला. ताटल्यांचा ढीग जरा कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवला, म्हणजे नजरेत भरावा. समोर बसले, खोकले. खोकला येत नव्हता, तो आणला. "चाचणी चौथी," ते पडेल आवाजात म्हणाले. "घर फार मोठं वाटतं. बोलायला कुणी नाही. सकाळपासून कुणाशी शब्द नाही." मध्ये एकदा सवयीने खिडकीकडे पाहिलं, उसासा टाकला आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले. हा उसासा मात्र खरा होता.

स्वतःचं रडकं तोंड पुन्हा बघायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी चित्रण न बघताच पाठवून दिलं.

सव्वीस वर्षं चिकटपट्टी लावणारा आणि सव्वीस वर्षं ती काढणारा माणूस त्या दिवशी ती काढायला विसरला होता. शिंप्याने सुईत दोराच ओवू नये आणि मशीन चालवत बसावं, तसं. दार सताड उघडंच होतं. त्यामुळे ताटल्या, टॉवेल, वर्तमानपत्रं, सगळं पुन्हा लोण्यात विरघळलं. त्या सोनेरी उजेडात एक गृहस्थ दाढीचे रुबाबदार खुंट वाढवून बसला होता आणि बोलायला कुणी नाही म्हणत होता. आणि त्याच्यामागे, खिडकीजवळच्या खुर्चीत, पिवळी शाल पांघरून एक बाई शांतपणे ऐकत बसली होती. गृहस्थ मध्येच वळून तिच्याकडे बघत होता आणि उसासा टाकत होता.

दोन तास काही उत्तर आलं नाही. भिंगरावांना वाटलं, काम झालं. बॅग भरत असेल. त्यांनी उत्साहात दोन ताटल्या घासल्यासुद्धा.

मग फोन आला. अक्कांचा.

"भाऊजी, मागे कोण बसलंय?"

"मागे? मागे पसारा आहे," भिंगराव आशेने म्हणाले.

"पसाऱ्याने पिवळी शाल पांघरलीय."

भिंगरावांनी चिकटपट्टीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. आता सांगायचं काय? की मी उशीला डोळे काढले? की तुमच्या बहिणीची शाल स्टँडला पांघरून मी तिच्याशी गप्पा मारतो? ते अक्कांना? सहा महिने अडत नाही म्हणाल्यावर?

"कोणी नाही," ते म्हणाले.

आता जगात असा प्रश्न विचारला गेला, की द्यायच्या सगळ्या उत्तरांत हे सगळ्यात वाईट उत्तर. अक्का इतकंच म्हणाल्या, "अस्सं," आणि फोन बंद झाला. भिंगरावांनी वहिनींना लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तो वाजलाही नाही.

मग मात्र ते घाबरले. सव्वीस वर्षांत वहिनी त्यांच्यावर चिडल्या होत्या, रुसल्या होत्या, एकदा त्यांनी लेन्सचं झाकण पातेल्यात उकळलंही होतं, पण फोन घेतला नाही असं कधी झालं नव्हतं. ते खुर्चीसमोर जमिनीवर बसून राहिले. उशीचं बिघडलेलं नाक त्यांच्याकडे बघत होतं.

तासाभराने बेल वाजली. दारात समोरचा शिंपी उभा होता. गळ्यात मापाची टेप, कानावर पेन्सिल. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तो शिवायचा, वहिनींचे तर वीस वर्षं. मोठा सरळ माणूस. खोटं बोलायचं त्याला जमत नसे, म्हणून त्याचे कपडेही वेळेवर मिळायचे.

"अक्काबाईंचा फोन आला होता," तो चपला काढत म्हणाला. "म्हणाल्या, आत जाऊन बघून या आणि जे दिसेल ते सांगा. मला काही यात पडायचं नव्हतं."

"या," भिंगराव म्हणाले. लपवण्यासारखं बळच उरलं नव्हतं.

शिंपी टॉवेलांवरून वाट काढत खिडकीपर्यंत गेला. खुर्चीसमोर उभा राहिला. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. शाल जरा उचलून खालचा स्टँड पाहिला.

"हे वहिनी आहेत का?" त्याने विचारलं.

भिंगरावांनी मान हलवली.

"खांदे चुकलेत," शिंपी म्हणाला. "वहिनींचा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे. तुम्हाला कसं ठाऊक नाही? वीस वर्षं मी तिकडे घडी जास्त देतोय." त्याने खुर्चीवरचा एक टॉवेल घेतला, चार घड्या करून उजव्या बाजूला शालीखाली सारला, मान थोडी पुढे झुकवली, शालीचं टोक डाव्या हाताशी आणून सोडलं आणि चार पावलं मागे आला.

भिंगराव बघतच राहिले. नाक तसंच होतं, डोळे पेनाचेच होते. पण ते वाकणं, तो उतरता खांदा, हुबेहूब वहिनींचा. आता वळतील आणि सोफ्याची हकिगत सांगतील, असं वाटलं. भिंगरावांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि शिंप्याने खिडकीबाहेर बघण्याचं काम काढलं.

मग त्याने खिशातून फोन काढून लावला. त्याचा मात्र लगेच उचलला गेला.

"वहिनी, मी बघितलं," शिंपी म्हणाला. "दुसरं कुणी नाही. ती तुम्हीच आहात."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. शिंप्याने स्टँड, अभ्रा, शाल, डोळे, सगळं नीट सांगितलं. नाकाबद्दलही सांगितलं. "हो, शेजारी टेप पडलीय… नाही, वेड वगैरे वाटत नाही. दाढी वाढलीय… घर? घराचं मला विचारू नका वहिनी." मग फोन भिंगरावांपुढे धरला. "तुम्हाला देतो."

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज कसातरीच होता. "मला सगळं स्पष्ट दिसेल असा एक फोटो पाठवा. तुमच्या त्याच लेन्सने. काही विरघळवायचं नाही."

भिंगरावांनी चिकटपट्टी सोलून काढली. दाराची कडी शेवटपर्यंत फिरवली. दार बारीक झाल्यावर उजेड कमी येतो, म्हणून दोन सेकंद अजिबात हलता येणार नव्हतं. ते स्टँडशेजारी जाऊन बसले आणि श्वास रोखला. त्या दहा दिवसांतला सगळ्यात उत्तम फोटो तोच निघाला. मधला भाग रेखीव, चारही कोपरे रेखीव. डाव्या कोपऱ्यात दूर ओट्यावर तेलाच्या बाटलीचं झाकण कलंडलेलं होतं, तेसुद्धा रेखीव. अहवालात लिहायला फार छान मुद्दा होता. त्यांनी तो पाठवून दिला आणि शिक्षा ऐकायला बसावं तसे बसून राहिले.

"मोठा करून बघतेय," वहिनी फोनवर म्हणाल्या. बोटाने फोटोत हिंडत असाव्यात. "टॉवेल… ताटल्या… हे काय, निळी चादर अजून तीच?… कॅलेंडर मी गेले त्या पानावरच आहे."

"उलटवलं नाही," भिंगराव म्हणाले. "मला करमत नाही गं. तू राहा, अक्कांचा गुडघा होऊ दे, मी नाही म्हणत नाही. पण मला अजिबात करमत नाही. घरात आल्यावर कुणाला काय सांगायचं तेच कळत नाही. डॉक्टरीणबाईंचं काय झालं तेही मला ठाऊक नाही."



"हे सहा आठवड्यांपूर्वी बोलायला काय झालं होतं?" वहिनींनी विचारलं. "मी बॅग भरत होते तेव्हा? मी वाट बघत होते."

"अक्का ऐकत होत्या."

"अक्का आत्ताही ऐकतायत."

"ऐकतेय," अक्का म्हणाल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "मग एवढं आहे तर यावं की माणसाने इकडे. घर काय मला खायला उठतंय? खाट आहे, खिडकी आहे. तुमची ती लेन्सही आणा."

इतकी साधी गोष्ट सहा आठवड्यांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती. भिंगरावांनी मालकांकडे रजा मागितली, बसचं तिकीट काढलं, शिंप्याकडे किल्ली दिली आणि दुसऱ्या दिवशी नऊ तास बसून अक्कांच्या दारात हजर झाले.

वहिनींनी दार उघडलं. दोघंही काही खास बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "वाळलात," आणि भिंगराव म्हणाले, "तुझा डावा खांदा पाऊण इंच खाली आहे," कारण सगळ्या वाटभर ते दुसरं काही ठरवूच शकले नव्हते. मग वहिनी हसल्या, आणि भिंगरावांना ते नऊ तास कुठल्या कुठे गेल्यासारखे वाटले.

पुढचे दोन दिवस मोठे सुखाचे गेले. अक्कांच्या खिडकीत वहिनी बसल्या, डोळ्याशी टेप धरली आणि हनुवटी न हलवता सबंध नव्या गल्लीचा वृत्तांत सांगितला. यावेळी भिंगरावांनी प्रत्येक शब्द ऐकला. त्या नादात अर्ध्या फोटोंचा फोकस चुकला, पण अहवालात त्यांनी दोष स्वतःवर घेतला. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. अक्कांना उठवून बसवणं, गोळ्या मोजून देणं, दिवसातून तीन वेळा पाय वाकवून घेणं, हे सगळं वहिनींनी नवऱ्याला शिकवलं. भिंगराव शिकले. अंतर मोजायची सवय असल्यामुळे गुडघा किती अंशात वाकला ते ते अगदी बरोबर सांगायचे. अक्का म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा." पुन्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अक्का इस्पितळातून घरी आल्यावर पाचव्या दिवशी सकाळी त्यांना जाग आली, तर वहिनी बॅग भरत होत्या.

"कुठे?" भिंगराव उठून बसले.

"घरी. तुम्ही आलात म्हणून तर जाता येतंय." वहिनींनी घडी बॅगेत ठेवली. "अहो, तुम्ही तो फोटो पाठवलात तेव्हापासून मला झोप नाही. डोळे मिटले की त्या ताटल्या दिसतात. इतका स्पष्ट फोटो कुणी काढतं का? पंधरा दिवसांत सगळं आवरते आणि येते. लेन्सचीही मुदत उलटलीय, ती दुकानात देऊन टाकते. अक्काकडे तुम्ही आहातच."

"पण मी तर तुझ्यासाठी…"

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या आणि जाताना त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. आतून अक्कांनी घंटी वाजवली. ती त्यांनी इस्पितळातून निवृत्त होताना आणली होती.

त्या संध्याकाळी अक्कांच्या गुडघ्याखाली उशी ठेवून भिंगराव खिडकीत येऊन बसले. गल्ली त्यांना नवी होती. फोन वाजला तसा त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला, आणि अक्का ऐकतायत हे माहीत असूनही हॅलोच्या आधीच सांगून टाकलं, "मला करमत नाही."

"मलाही नाही," वहिनी म्हणाल्या. "कुलूप काढलं आणि तुम्हाला हाक मारली. मग बसले इथे जरा वेळ खुर्चीत."

नऊ तासांच्या अंतरावरून वहिनींचा श्वास ऐकू येत होता. भिंगरावांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचार ना."

"फ्रीजमध्ये इस्त्री का आहे?"

भिंगरावांनी जरा आठवून पाहिलं.

"गरम झाली होती," ते म्हणाले.